वाचकांचे प्रश्न : व्होल, ऑक्सिटोसिन आणि मोजमापाची दुखणी

मागच्या अंकात एमरी विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ लॅरी यंग यांच्या कारकिर्दीवर लेख होता. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही मेंदूतली दोन संप्रेरकं प्राण्यांच्या जोडी बांधण्याशी कशी निगडित आहेत, हे प्रेअरी व्होल या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर शोधण्यात यंग यांची जवळजवळ तीन दशकं गेली. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. लेखानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रं कापली आहेत, एकाच आशयाची एकत्र केली आहेत.

प्रश्न : प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सहज मिळतात, त्यांची जनुकं पाठ झालेली आहेत. मग या अनोळखी प्राण्याच्या मागे लागायचं कारण काय?

उत्तर : पांढरा उंदीर जोडी करून राहत नाही, हेच कारण. सस्तन प्राण्यांत नर-मादी जोडीने राहणाऱ्या जाती शंभरात दहाही भरत नाहीत. १९७० च्या दशकात लोवेल गेट्झ इलिनॉयमधल्या गवताळ रानात व्होलांची संख्या का वर-खाली होते ते पाहण्यासाठी सापळे लावत होते. तेव्हा एकाच सापळ्यात तोच नर आणि तीच मादी पुन्हापुन्हा सापडू लागली. संप्रेरकांवर काम करणाऱ्या सू कार्टर यांनी हा प्राणी प्रयोगशाळेत आणला.

खरी सोय मात्र वेगळीच आहे. प्रेअरी व्होलचे सख्खे म्हणावेत असे नातलग, माँटेन व्होल आणि मेडो व्होल, जोडी बांधत नाहीत. दिसायला सारखे, मेंदूची रचना सारखी, संप्रेरकं तर तीच. टॉम इन्सेल आणि लॉरेन्स शॅपिरो यांनी १९९२ मध्ये दोन्ही प्रकारच्या व्होलांच्या मेंदूतले ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ज्यावर बसून काम करतं ती पेशीवरची प्रथिनं, शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक दिसला तो जागांचा. प्रेअरी व्होलच्या न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये, म्हणजे बक्षिसाची गोडी लावणाऱ्या भागात, हे रिसेप्टर दाट होते. माँटेन व्होलमध्ये विरळ. पुढे २००४ मध्ये यंग यांच्या गटाने मेडो व्होलच्या नराच्या व्हेंट्रल पॅलिडम या भागात विषाणूच्या मदतीने व्हॅसोप्रेसिनचे व्ही१ए रिसेप्टर वाढवले, आणि एरवी कुणाचाच नसणारा तो नर जोडीदारिणीला चिकटून बसू लागला. पांढऱ्या उंदरांच्या दोन वाणांची तुलना करून हे हाती लागलं नसतं.

एक खुलासा. ‘जोडी’ म्हणजे एकत्र राहणं, घरटं राखणं, पिल्लं सांभाळणं. रानात पकडलेल्या पिल्लांची जनुकीय तपासणी केली तर काहींचा बाप शेजारचा निघतो. त्यामुळे वर्तमानपत्रांतल्या ‘एकनिष्ठ उंदीर’ छापाच्या मथळ्यांकडे जरा सावधपणेच पाहावं.

प्रश्न : आम्ही जोडीदार-पसंतीची चाचणी बसवतो आहोत. माद्या चोवीस तास नराबरोबर ठेवल्या, मग तीन कप्प्यांच्या पेटीत सोडल्या. कॅमेरा कोणत्या कप्प्यात किती वेळ गेला ते मोजतो. निम्म्या माद्यांत काहीच पसंती दिसत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुधा दोन ठिकाणी.

पहिलं मोजणीत. जोडीदाराच्या कप्प्यात असलेली मादी कोपऱ्यात एकटीच झोपलेली असू शकते, आणि कॅमेरा तो वेळही पसंतीच्या खात्यात टाकतो. या चाचणीत मोजायचं ते अंगाला अंग लावून शांत बसणं. सॉफ्टवेअर वापरायचं तर दोन शरीरांमधलं अंतर आणि हालचाल, दोन्हींवर मर्यादा घाला आणि काही चित्रफिती डोळ्यांनी मोजून ते आकडे जुळवून घ्या. मोजणाऱ्याला प्राणी कोणत्या गटातला आहे ते कळता कामा नये. चाचणी पूर्ण तीन तास चालू द्या. सुरुवातीचा बराच वेळ हुंगण्यात आणि पेटी धुंडाळण्यात जातो. घाईने अर्ध्या तासात आटोपलेल्या चाचणीत कुतूहल मोजलं जातं, पसंती नाही.

दुसरं, आणि आमच्या मते मोठं, समागमाचं. व्होलच्या मादीला उंदरासारखं ठरावीक दिवसांचं ऋतुचक्र नसतं. नराच्या वासाने ती माजावर येते आणि त्याला एक-दोन दिवस लागू शकतात. म्हणजे तुमच्या चोवीस तासांत काही जोड्यांचा समागम झालाच नसणार. रात्रीची चित्रफीत काढून पाहा. उपाय दोन : मादीला आधी इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) देऊन तयार करा, किंवा सहवासाचा काळ वाढवा. कोणताही निवडा, पण सगळ्या गटांना तोच लावा.

सहवास किती तास ठेवायचा हे प्रश्नावर ठरतं. एखाद्या औषधाने पसंती *वाढते* का हे पाहायचं असेल, तर इस्ट्रोजेन न दिलेली मादी फक्त सहा तास, समागमाशिवाय, नराजवळ ठेवतात. एवढ्याने एरवी जोडी जमत नाही, त्यामुळे वाढ झालीच तर दिसते. औषधाने जोडी *अडते* का हे पाहायचं असेल, तर चोवीस तास आणि समागम हवा. उलटापालट केली की प्रयोगाला काही दाखवायला जागाच उरत नाही.

पेटीचं म्हणाल तर दोन टोकांच्या कप्प्यांत जोडीदार आणि अनोळखी नर, दोघेही गळ्यातल्या पट्ट्याने आखूड साखळीला बांधलेले. साखळीत फिरती कडी हवी, नाहीतर पीळ पडून प्राणी अडकतो. लांबी अशी की पाण्याशी पोचता यावं, मधल्या कप्प्याच्या तोंडाशी नाही. पट्ट्याची सवय आदल्या दिवशीच लावा. साखळीशी झगडणाऱ्या नराजवळ कुठलीच मादी बसत नाही. अनोळखी नर वयाने, वजनाने आणि समागमाच्या अनुभवाने जोडीदाराच्या तोडीचा हवा, आणि मादीचा किंवा जोडीदाराचा भाऊ नको. निम्म्या चाचण्यांत बाजू बदला. खोली गार असेल तर व्होल ऊब मिळवायला कुणालाही चिकटतात, तेव्हा तापमान दर वेळी सारखंच ठेवा.

आकडेवारीतली एक चूक छापील निबंधांतही वारंवार दिसते. ‘औषध दिलेल्या गटात फरक ठळक, न दिलेल्यात नाही, म्हणून औषधाचा परिणाम झाला’ असं लिहिलेलं असतं. हे सिद्ध होत नाही. दोन गटांतल्या *फरकांचा* फरक थेट तपासावा लागतो. आणि कोणते प्राणी गाळायचे हा नियम, उदाहरणार्थ दोघांजवळ मिळून अमुक मिनिटांपेक्षा कमी बसलेले, चाचणीआधी लिहून ठेवा. पसंती दाखवली नाही म्हणून प्राणी गाळणं म्हणजे निकालच गाळणं.

प्रश्न : ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरची विकतची अँटिबॉडी लावली तर सगळा मेंदू रंगला. घनता जास्त आहे असं म्हणावं का?

उत्तर : नाही. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारं प्रथिन. तुमची भलत्यालाच चिकटते आहे असं धरून चाला. या कुळातल्या रिसेप्टरांच्या अँटिबॉडींचं हे जुनं दुखणं आहे. ज्या प्राण्यात हा रिसेप्टर जनुकातूनच काढलेला आहे त्याच्या मेंदूत रंग आला नाही, तरच तिच्यावर भरवसा ठेवावा. ‘कंपनीने माहितीपत्रकात प्रथिनाची पट्टी दाखवली आहे’ हा पुरावा नव्हे.

या क्षेत्रात जागांचे नकाशे बनले ते रिसेप्टर ऑटोरेडिओग्राफीने, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू मेंदूच्या कापावर लावून फिल्मवर त्याचा ठसा घेण्याने. मेंदू काढल्याबरोबर कोरड्या बर्फाच्या चुऱ्यात गोठवायचा आणि उणे ८० अंशांवर ठेवायचा. क्रायोस्टॅटवर (गोठलेले काप काढणाऱ्या यंत्रावर) २० मायक्रॉनचे काप. काचपट्ट्या ०.१ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये जेमतेम दोन मिनिटं. याहून जास्त ठेवलं तर रिसेप्टरची बांधून घेण्याची ताकद जाते. मग ट्रिस बफरने धुवून (पीएच ७.४) तासभर आयोडीन-१२५ लावलेल्या ऑर्निथिन व्हॅसोटोसिनच्या (ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूच्या) द्रावणात, साधारण ५० पिकोमोलर. बफरमध्ये मॅग्नेशियम हवंच. ते नसेल तर बंधन ढिलं पडतं. पुन्हा गार बफरने धुणं, वाळवणं, आणि फिल्मवर काही दिवस.

शेजारचा काप त्याच द्रावणात, पण बिनखुणेचं ऑक्सिटोसिन हजारपट घालून भिजवा. तिथे उरलेला काळेपणा खोटा, तो वजा करायचा. फिल्मवर प्रत्येक वेळी ठरलेल्या किरणोत्साराची मापपट्टी ठेवा, कारण आयोडीन-१२५ सुमारे ६० दिवसांत निम्मं होतं आणि दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या फिल्म तशाच एकमेकींशी ताडता येत नाहीत. नकाशा धूसर येण्याचं नेहमीचं कारण एकच असतं : कुठेतरी काप वितळून पुन्हा गोठलेले असतात.

या पद्धतीच्या दोन मर्यादा. रिसेप्टर कोणत्या प्रकारच्या पेशीवर आहे ते कळत नाही. त्यासाठी आरएनए शोधणाऱ्या पद्धती आहेत, पण आरएनए पेशीच्या शरीरात सापडतो आणि रिसेप्टर तिच्या लांब शेपटीच्या टोकाला, मेंदूच्या दुसऱ्याच भागात, असू शकतो. दोन नकाशे जुळले नाहीत तर घाबरू नका. दुसरी मर्यादा माकडांच्या आणि माणसांच्या मेंदूत. तिथे हाच रेणू व्ही१ए रिसेप्टरलाही चिकटतो. म्हणून व्होलवर चालणारी कृती तशीच उचलू नका. निवडक रेणूंनी दोन्हींतली स्पर्धा तपासून मगच नाव द्या.

प्रश्न : एलायझाने (अँटिबॉडी वापरणाऱ्या मोजणीच्या किटने) मोजलेलं रक्तातलं ऑक्सिटोसिन एका निबंधात ५ पिकोग्रॅम, दुसऱ्यात ३००. दोन्ही प्रति मिलिलिटर. खरं कोणतं?

उत्तर : पाचच्या आसपासचं. तीनशे येतं ते रक्तद्रव न गाळता थेट किटमध्ये टाकल्यावर. त्यातले इतर पदार्थ मोजणीत घुसतात आणि आकडा दहापट, शंभरपट फुगतो. बरं, फुगवटा सगळ्या नमुन्यांत सारखा नसतो, त्यामुळे ‘निदान तुलना तरी बरोबर आहे’ असंही म्हणता येत नाही.

रक्त बर्फात ठेवलेल्या ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) घ्या, लगेच ॲप्रोटिनिन (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं रोखणारं) घाला, चार अंशांवर फिरवून द्रव वेगळा करा, छोट्या वाटण्या करून उणे ८० वर ठेवा. मोजण्याच्या दिवशी ०.१ टक्का ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल समप्रमाणात मिसळून सी-१८ या गाळणीच्या स्तंभातून काढा, धुवा, ६० टक्के ॲसिटोनायट्राइलने उतरवा, वाळवा आणि किटच्या बफरमध्ये विरघळवा. काही नमुन्यांत ठाऊक असलेलं ऑक्सिटोसिन आधीच घालून किती परत मिळतं ते पाहा. ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेलात तर आकडे छापू नका. नमुना दुप्पट, चौपट पातळ केल्यावर आकडाही त्याच प्रमाणात उतरायला हवा. गरोदर स्त्रियांच्या रक्तात ऑक्सिटोसिन तोडणारं एन्झाइम भरपूर असतं, तिथे नळी बर्फाबाहेर राहिली तर नमुना गेलाच समजा.

एवढं करूनही मिळतं ते रक्तातलं. शांत स्थितीत रक्तातल्या पातळीवरून मेंदूतल्या पातळीचा अंदाज बांधता येत नाही. लाळेबद्दल तर आणखीच जपून बोलावं.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. इंटरनेटवर ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. देऊन पाहू का?

उत्तर : देऊ नका. ३ ते १७ वयाच्या २९० मुलांवर अमेरिकेत २४ आठवडे चाचणी झाली. निकाल २०२१ मध्ये आला. स्प्रे दिलेली मुलं आणि औषध नसलेला स्प्रे दिलेली मुलं यांच्या सामाजिक वागण्यात फरक पडला नाही. त्याआधीच्या आशादायक बातम्या छोट्या गटांवरच्या होत्या. निरोगी पुरुषांत एका डोसने, म्हणजे २४ आंतरराष्ट्रीय एककांनी, परक्यावरचा विश्वास वाढतो हा २००५ चा गाजलेला निकालही २०२० मध्ये आधी आराखडा नोंदवून पुन्हा तपासला गेला, तेव्हा टिकला नाही.

इंटरनेटवरच्या बाटलीत नेमकं काय आणि किती आहे याची खात्री नाही, ही अडचण वेगळीच. शिवाय वाढत्या वयात रोज देण्याचे परिणाम उलटेही होऊ शकतात : तरुण वयात बरेच दिवस नाकावाटे ऑक्सिटोसिन दिलेल्या नर व्होलांची मोठेपणी जोडीदाराची पसंती कमी झालेली दिसली. मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी वाचा-उपचार आणि वर्तन-उपचारांबद्दल बोला.

प्रश्न : २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले व्होल तयार केले आणि तरी त्यांनी जोड्या बांधल्या म्हणे. मग आधीचं तीस वर्षांचं काम खोटं का?

उत्तर : खोटं नाही, पण त्यातली एक सोपी गोष्ट मोडली हे कबूल करायला हवं. देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या गटांनी क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरचं जनुक बिघडवलेले व्होल वाढवले. त्यांनी जोडीदाराला पसंती दिली, माद्यांनी पिल्लांना जन्म दिला, काही पिल्लं दूध पिऊन जगलीही, जरी कमी आणि हलकी. म्हणजे जोडी बांधायला हा रिसेप्टर *अनिवार्य* नाही.

मात्र जुने प्रयोग वेगळ्या प्रकारचे होते. तिथे सर्वसाधारण वाढलेल्या प्राण्याच्या मेंदूत, ठरावीक जागी, मोठेपणी औषधाने रिसेप्टर अडवला जातो. जन्मापासून रिसेप्टर नसलेला मेंदू वाढतानाच दुसरी वाट काढू शकतो. कोणती, ते अजून शोधलं जातंय. व्हॅसोप्रेसिनवर पहिला संशय घ्यावा : नऊ अमिनो आम्लांपैकी त्यात आणि ऑक्सिटोसिनमध्ये फरक फक्त दोनांचा, तिसऱ्या आणि आठव्या जागेचा, आणि दोघंही एकमेकांच्या रिसेप्टरवर बसतात.

हाच शेजार जुन्या औषधी प्रयोगांनाही भोवतो. डोस मोठा असेल तर ऑक्सिटोसिन व्ही१ए रिसेप्टरवरही काम करतं आणि श्रेय मात्र ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरला मिळतं. त्यामुळे असा निबंध वाचताना तीन गोष्टी पाहा : दोनपेक्षा जास्त डोस दिलेत का, निवडक अडथळा वापरून परिणाम पुसला जातो का, आणि सुई नेमकी कुठे लागली हे काप करून तपासलं का. मेंदूच्या एका बाजूला अर्ध्या मायक्रोलिटरपेक्षा जास्त द्रव सोडला किंवा सुई लगेच उपसली की औषध सुईच्या वाटेने वर झिरपतं आणि भलत्या भागाचा निकाल हाती येतो. जागा चुकलेले प्राणी फेकू नका. ‘शेजारी दिलं तर परिणाम नाही’ हे दाखवणारा तोच उत्तम गट असतो.

या क्षेत्रात गोष्टी मोडण्याची ही पहिली वेळ नाही. व्ही१ए जनुकाशेजारच्या डीएनएच्या एका पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या लांबीवर एकनिष्ठता ठरते अशी कल्पना होती. २००६ मध्ये बऱ्याच जातींचे व्होल तपासले तेव्हा ती सगळीकडे लागू होईना.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्र शिकते. या विषयात संशोधक व्हायचं तर मानसशास्त्र घ्यायला हवं होतं का?

उत्तर : गरज नाही. यंग यांची पहिली पदवी जीवरसायनशास्त्राचीच. पीएचडी टेक्सास विद्यापीठात प्राणिशास्त्रात, डेव्हिड क्रूज यांच्याकडे, विषय व्हिपटेल सरडे : काही जातींत नरच नसतात, तरी माद्या नरासारखं वागतात, आणि त्या वेळी मेंदूतले संप्रेरकांचे रिसेप्टर कसे बदलतात. पीएचडी १९९४ मध्ये. नंतर एमरीत इन्सेल यांच्या प्रयोगशाळेत ते व्होलांकडे वळले. १९९९ मध्ये त्यांनी प्रेअरी व्होलचं व्ही१ए जनुक पांढऱ्या उंदरात घातलं. त्या उंदरांना व्हॅसोप्रेसिन दिल्यावर ते मादीशी जास्त सलगी करू लागले. सरड्यांपासून उंदरांपर्यंत प्राणी बदलले, ‘रिसेप्टर कुठे आणि किती’ हा प्रश्न तसाच राहिला. तेव्हा प्राणी कोणता यापेक्षा प्रश्न आणि हातातलं कसब आधी ठरवा. याउलट इन्सेल मनोविकारतज्ज्ञ होते आणि २००२ ते २०१५ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक होते. वाटा बऱ्याच आहेत.

आत्ता शिकण्यासारखं म्हणजे आकडेवारी आणि थोडं प्रोग्रामिंग. चित्रफितींतून वर्तन मोजणं आता त्याशिवाय होत नाही. दुसरं, तासन् तास प्राण्यांकडे नुसतं पाहण्याची सवय. हे कुठल्या अभ्यासक्रमात नसतं आणि नेमकं इथेच रसायनवाले कमी पडतात.

प्रयोगशाळा निवडताना विचारा : प्राण्यांची पैदास तुमच्याकडेच होते का, गेल्या दोन वर्षांत ती कधी थांबली होती का, मुख्य चाचणी करणारा आधीचा विद्यार्थी निघून गेल्यावरही ती दुसऱ्याला जमली का. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर देणारा अडखळला तर आणखी खोलात शिरा. व्होलची वसाहत नव्याने उभी करायची असेल तर पहिल्या वर्षात निकाल धरू नका.

प्रश्न : व्होलांना उंदरांचंच खाद्य चालतं का?

उत्तर : पोट भरतं, पण ते गवतावर जगणारे प्राणी आहेत, सशांचं तंतुमय खाद्य जास्त मानवतं. खोल भुसा आणि घरट्यासाठी कापूस द्या. प्रकाश १४ तास, अंधार १० तास. दिवस आखूड केला तर पैदास मंदावते. गर्भकाळ सुमारे तीन आठवडे, आणि विताच मादी पुन्हा गाभण राहते, म्हणून पिल्लं २१ व्या दिवशी न चुकता वेगळी करा. वेगळं केलेलं पिल्लू एकटं ठेवू नका, एकाच लिंगाच्या भावंडाबरोबर ठेवा. एकटेपणाने त्याचं पुढचं वागणं बदलतं, आणि मग वरच्या चाचणीत तुम्ही औषध मोजताय की एकटेपण, ते कळणार नाही. बापाला मात्र पिंजऱ्यातून हलवू नका.